सांधा

ताइस्तोने चार शंकू मांडलेत माझ्या टेबलावर,
वेलदोड्याच्या पावाशेजारी.
हात लावू नकोस, म्हणाला. मी लावलाच.
पहिला कागदाचा, मधोमध अजून एक छोटा कागद
कुत्र्याने कान टवकारावा तसा.
दुसरा ॲल्युमिनियमचा, नव्या जावयासारखा चकचकीत.
तिसरा बांबूच्या लगद्याचा, रंग शिळ्या चहाचा.
चौथा पाडलेल्या शाळेच्या भिंतीतून उपटलेला,
कडेला अजून चुन्याचा ठिपका.

बाहेर उणे चोवीस.

दीर माझा एरवी दिवसाला नऊ वाक्यं बोलतो.
आज मात्र सुटला:
बाजारच्या पेटीत दोघे असतात, एक खर्जाला, एक टिपेला,
मध्ये वाटणी करून देणारं सर्किट.
आणि वाटणी झाली की सांधा आला.
मला एकच हवाय.
तळापासून माथ्यापर्यंत एकट्याने ओढणारा.

म्हटलं, असा एक होता माझ्या घरात.
अठ्ठावन्नाव्या वर्षी प्लायवूडच्या गिरणीत बसल्याजागी गेला.

ताइस्तोने पाव मोडला. खाल्ला नाही.
पेटीसाठी कापलेल्या फळ्या भिंतीला टेकून होत्या,
बर्चच्या, तेरा थरांच्या,
उर्होच्याच गिरणीतल्या.

आठवडाभर आधी
त्याने दोन-दोन शंकू सौनात समोरासमोर ठेवले होते,
तारा उलट जोडून.
हा बाहेर ढकलतो तेव्हा तो आत ओढतो.
दोघेही जीव तोडून ओरडत होते
आणि फळीवरची बादलीसुद्धा हलत नव्हती.
अंग मोकळं व्हायला लागतं त्यांचं, म्हणाला.
मी दार लोटून घेतलं.
काही संसार असेच चाललेले पाहिलेत मी.

मग मायक्रोफोन, मग कॉम्प्युटरवर रेघ.
जावयाची रेघ सरळ, इस्त्री केल्यासारखी.
शाळेवाल्याची, उंदरांनी कुरतडलेली.
तिसऱ्याला तीन हजारांच्या पुढे एक खड्डा.
ताइस्तोने जीभ टाळ्याला लावून च्च केलं.

आता तू ऐक. तुझे कान एक्स्चेंजचे.

खरंय, एकतीस वर्षं हेडफोन लावून बसले मी.
पण त्या तारेतून माणूस पुरता येत नाही,
तीनशेपासून चौतीसशेपर्यंतचाच येतो.
बाकीचा पलीकडे राहतो, त्याच्या स्वयंपाकघरात.
उर्होने मला मागणी घातली तीसुद्धा तेवढ्यातच.

टेप लावली त्याने. गाणं नाही.
आपल्याच तलावाचा बर्फ,
तडकतानाचा, त्याने रात्री झोपून, कान लावून घेतलेला.
बर्फातला आवाज दुरून येतो तेव्हा
बारीक सूर आधी पोचतो, जाड मागून,
एकच तडा
पाखराच्या चोचीतून निघून
गाईच्या पोटात जाऊन थांबतो.

पहिल्याने चोच चांगली म्हटली, पोट विसरला.
दुसऱ्याने सगळं म्हटलं,
पण काचेवर म्हटलं, बर्फावर नाही.
चौथा खोकला. शाळेतही खोकतच असणार.

तिसऱ्याने
वरून खाली एका दमात घसरत नेलं,
आणि खालती, शेवटी,
टेप धरलेल्या माणसाच्या कोटाची बाही
बर्फावर घासल्याचं ऐकू आलं.

हा, मी म्हटलं.

खड्डा आहे त्यात.

असू दे. कुठे आहे ते आता माहीत आहे ना.

ताइस्तोने फूटपट्टी काढली, फळीवर वर्तुळ आखलं,
दोन मिलिमीटर लहान आखलं, पुसलं, परत आखलं.
मग आठवल्यासारखं म्हणाला,
याचा जोडीदार सहा आठवड्यांनी येईल,
कारखान्यातून एकेकच पाठवतात.

तोवर?

तोवर एकच. टेलिफोनसारखं.

उरलेले तीन त्याने मोज्यांत गुंडाळले.
शाळेवाल्याचा चुना
नखाने काढायला गेला,
आणि राहू दिला.